बारा ढीग की दहा

सून होऊन बोरीला आले तेव्हा शेतीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. वडील पूर्णेला रेल्वेत होते, त्यामुळे कापूस बघितलेला तो गादीतलाच. पण आमच्या अंगणातली कापसाची वाटणी बघितली आणि त्या गावावर माझा जीव जडला. सकाळी दहिवर असतं तोवर बाया वेचायच्या, कारण ऊन चढलं की वाळला पाला चुरून कापसाला चिकटतो. दुपारी ओट्या भरून त्या अंगणात यायच्या. मग प्रत्येक बाई आपण वेचलेल्या कापसाचे बारा ढीग घालायची आणि मालक बोट दाखवील तो एक ढीग तिचा. कोणता वाट्याला येईल हे ठाऊक नसल्यामुळे ढीग कसे अगदी सारखे पडायचे. तराजू नाही, भांडण नाही. बायांच्या केसांत कापूस, हसणंखिदळणं, नुसता पांढरा कल्ला. ते अंगण आठवलं की आजही हुरहूर लागते.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोठे शेतकरी आणि तोंडानं तिखट. लढाईची वर्षं होती, सरकारनं धान्यावर लेव्ही बसवली होती. महसूल खात्याचा गिरदावर यायचा, सरकारी भावानं ज्वारी घेऊन जायचा आणि त्याची पाठ वळली की मामंजी ओसरीवर तासभर गरजायचे. घाम माझा, जोखीम माझी, मग भाव ठरवणारे हे कोण? देणारा आणि घेणारा दोघं राजी असतील तोच खरा भाव, बाकी सगळी जबरदस्ती. मला ते पटायचं. अजूनही पटतं.

त्या साली कापसाला तेजी होती. बाया म्हणाल्या, आता दहा ढिगांतला एक द्या. त्यांची म्होरकी एक विधवा होती, काटक, कमी बोलणारी. मालकमंडळींनी चावडीवर बसून ठरवलं की वाटा बारातलाच राहील, जो जास्त देईल त्याच्याशी पानसुपारी बंद. मामंजींनीही शब्द दिला. दुसऱ्या दिवशी बाया सरळ ओढ्यापलीकडच्या गावाला गेल्या. तिथं दहातला एक मिळत होता.

आमचं रान फुटून पांढरं झालेलं. आठ दिवस झाले, बोंडातून लोंबलेला कापूस मातीत पडायला लागला, त्यात आभाळही भरून येत होतं. मामंजी ओसरीवर बसून बायांना शिव्या घालत होते. म्हणे, माजल्या.

सासऱ्यांशी सुनेनं बोलायची रीत नव्हती. मग मी चुलीपाशी सासूबाईंनाच म्हणाले, पण ओसरीवर जाईल अशा आवाजात, की ज्वारीचा भाव धन्यानं सांगायचा आणि बायांच्या बोटांचा मात्र चावडीनं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. ओसरीवरच्या शिव्या थांबल्या. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच दटावलं. त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या विधवेला बोलावून घेतलं. ती आली, मागं सगळ्या बाया. मी दाराआड उभी. मामंजी हळू आवाजात तिला सांगू लागले, ढीग बाराच घाल, फक्त एक जरा मोठा घाल, माझं बोट बरोबर त्याच्यावरच पडेल. सापही मरावा आणि काठीही मोडू नये, असा त्यांचा बेत होता.

ती म्हणाली, "मालक, ढीग म्या सारकेच घालीन. मपल्या हातानं लबाडीचा ढीग पडायचा न्हाई. दहा घालू का बारा, तेवढं तोंडानं सांगा. या समद्या बायांला ऐकू जाऊ द्या."

मामंजींनी शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. तिथं चावडीवरचेच दोघं बसले होते, कान इकडेच लावून. हा माणूस उभ्या जन्मात दिल्या शब्दाला चुकला नव्हता.

"दहा," मामंजी म्हणाले. मग त्या ओट्याकडे तोंड करून म्हणाले, "दहा घालायला सांगितलेत. चावडीवर मी शब्द दिला, तेच माझं चुकलं."

आमची पानसुपारी बंद झाली. संक्रांतीला तिळगूळ द्यायला दारात कुणी आलं नाही आणि सासूबाईंनी तेवढ्यासाठी मला महिनाभर बोलून घेतलं. बाकीच्या मालकांनीही पुढं दहाच घालू दिले, पण गुपचूप.

कापूस मात्र पावसाआधी घरात आला. वेचणीच्या पहिल्या दुपारी त्या बाईनं अंगणात दहा ढीग घातले आणि रीतीप्रमाणं मामंजींच्या बोटाची वाट बघत उभी राहिली. मामंजींनी हात वर केलाच नाही. म्हणाले, "तुझा तू उचल." मला दाराआड रडू आलं. तिनं ढिगांकडे बघितलंसुद्धा नाही. पायापाशी होता तो पदरात घेतला आणि निघाली.