त्या निदेशक आहेत

आमच्या भागात शिकवणाऱ्याला हाक मारायला शब्द पुष्कळ. प्राथमिकला गुरुजी, हायस्कूलला सर, आणि कपडे बेतणारा शिंपीसुद्धा मास्तरच. मला शिवण शिकवलं ते अंबाजोगाईच्या अशाच एका मास्तरांनी. जुनी साडी पुढ्यात टाकून म्हणायचे, "काप पोरी. बिघडलं तर बिघडलं." त्यांच्याकडं कसलंच प्रमाणपत्र नव्हतं. मी मात्र परीक्षा देऊन ते मिळवलं आणि वडवणीजवळच्या एका शाळेत कार्यानुभवाची अंशकालीन निदेशक म्हणून लागले.

निदेशक म्हणजे काय, ते तिथं कळलं. माझी सही वेगळ्या वहीत. शिक्षकदिनाला खुर्च्यांवर बसलेल्या सगळ्यांना नारळ मिळाले, मी पोरींच्या रांगा लावत उभी. "तुमचं नाव शिक्षकांच्या यादीत येत नसतंय मॅडम, तुम्ही निदेशक," मुख्याध्यापकांनी मला समजावलं.

सातवीत एक मुलगी होती. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, ती चुलतीकडं राहायची. हात लई नेटका. काज करायला तिला एकदाच दाखवावं लागलं. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी जुन्या कापडाची दप्तरं शिवली, पहिलीच्या सगळ्या लेकरांना पुरतील एवढी.

तालुक्याचे साहेब शाळा तपासायला आले, तेव्हा ती दप्तरं टेबलावर मांडली होती. साहेबांनी एक उलटंपालटं करून शिवण ओढून पाहिली.

"कुणी शिकवलं हे?"

मुख्याध्यापकांनी वर्गशिक्षकांकडं हात केला. त्यांना सुईत दोरा ओवता येत नव्हता. ते हसत पुढं झाले.

"न्हाई साहेब," ती मुलगी मागून बोलली. "या मॅडमनी शिकवलं."

"त्या निदेशक आहेत, साहेब," मुख्याध्यापक घाईनं म्हणाले.

साहेब माझ्याकडं वळले. "मग तुम्ही शिकवलंत का?"

माझी पुढच्या वर्षाच्या नेमणुकीची ऑर्डर मुख्याध्यापकांच्या अहवालावर निघायची. मी म्हणाले, "सरांनीच शिकवलं. मी नुसती मदतीला होते."

मुलीनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. साहेब गेल्यावर वर्गशिक्षकांनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "मोठ्यांच्या मधी बोलायचं न्हाई, कळलं का?" मी तिथंच होते. टेबलावरची दप्तरं गोळा करत राहिले.

पुढं ती शिवणाच्या तासाला येत राहिली, पण मला काही विचारायची नाही. शिवण चुकली तर स्वतःच उसवायची. एकदा मी तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "रागावलीस का गं?"

"न्हाई मॅडम," ती म्हणाली, "तुमचं खरं हाय. सरांनीच शिकवलं."

जूनमध्ये ऑर्डर आलीच नाही. मुख्याध्यापकांनी अहवाल पाठवलाच नव्हता, हे मला दुसऱ्या शाळेच्या शिपायाकडून कळलं. आता मी घरीच ब्लाउज शिवते. तिला काय शिकवून आले, ते कुणाला सांगण्यासारखं नाही.