डॉक्टर पायगुडे, बोगनवेल आणि एक प्रलंबित आक्षेप

मंगळवार, १६ ऑक्टोबर २००१, दुपारी सव्वाचार. पुण्याहून पेन्शनचं काम उरकून मी मुळशीतल्या नांदे गावी आमच्या सोसायटीत परतले आणि घरासमोर नुसती उभी राहिले. सकाळी निघताना फाटकापासून गच्चीपर्यंत चढलेली माझी बोगनवेल होती. आता तिथे गुडघ्याएवढे खुंट उरले होते आणि प्रत्येक खुंटाच्या टोकाला जांभळं औषध फासलेलं होतं, जनावरांच्या जखमेला लावतात ते. फांद्यांचा ढीग कुंपणाशी नीट रचलेला होता. अंगणही झाडलेलं होतं. डॉ. दिनकरराव पायगुडे यांचा आणि माझा पहिला परिचय असा, त्यांच्या गैरहजेरीत झाला.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला बजावलं होतं, "ताई, पहिल्या भेटीपासून सुरुवात करा, शुभेच्छांनी शेवट करा आणि मधे जरा गोड लिहा." पहिली सूचना मी पाळली. दुसरीबद्दल माझं आणि पायगुडेवहिनींचं वेगळं ठरलं आहे. डॉक्टरांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे आणि ते शस्त्रक्रियेला तयार नाहीत. "माज्या बोलन्याला काय किंमत," वहिनी म्हणाल्या. "तुमी लिवा. छापून चार लोकांत आलं की गप ऐकतील." तेव्हा गोड लिहायचं आहेच, पण कशासाठी ते वाचकांना आधीच माहीत असलेलं बरं.

डॉक्टरांनी मुळशीच्या खेड्यापाड्यांत पशुवैद्यक म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यावर, भावकीने जमिनी विकल्या तरी आमच्या सोसायटीला लागून असलेला आपला तुकडा त्यांनी राखला आणि त्यावर शेड घालून बोगनवेली लावल्या. मी उभी हयात लेखापरीक्षणात काढली. आमच्याकडे आक्षेप लेखी असतो, उत्तर लेखी लागतं आणि तोंडी सांगितलेलं कोणी बोललंच नाही असं धरतात. त्याआधी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं की राग आला तर तो पूर्ण वाक्यांत लिहून काढावा. त्या संध्याकाळी मी तो पूर्ण वाक्यांत लिहिला आणि जांभळ्या औषधावरून माग काढत डॉक्टरांच्या शेडवर नेऊन दिला.

"माझं झाड तुम्ही कापलंत?"

"व्हय. लई माजलं व्हतं." त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली नाही.

"कोणाला विचारून?"

"तुमच्या सेक्रेटरीनं बोलीवलं. पोरांचे हात वरबडत्यात म्हनून. बेल वाजीवली, तुमी नव्हता."

"मग थांबायचं होतं."

"गाय आडली तर मालक येस्तवर थांबत न्हाई मी, बाई."

मुलांच्या ओरखड्यांची तक्रार मला माहीत होती. तिला मी चार पानी उत्तर दिलं होतं. मी म्हटलं, मला लेखी खुलासा हवा. ते म्हणाले, लिहायला सवड नाही. मग त्यांनी विचारलं, "पानी कवा घालता?"

"रोज संध्याकाळी. माझ्या यजमानांनी लावलेलं झाड आहे ते."

"हायेत का ते?"

"मागच्या वर्षी गेले."

डॉक्टरांनी कुंडीतली माती दाबली. मग म्हणाले, "मंग तेवढं पानी त्यांच्या फोटूम्होरं ठिवा. झाडाला आठ-धा दिसांनी बास."

असं वाक्य मला आयुष्यात कोणी ऐकवलं नव्हतं. मग ते माझ्यासोबत चालत घरी आले, नळाला लावलेला पाइप काढला, गुंडाळला आणि काखोटीला मारून निघून गेले. खुलासा राहिला बाजूला, वर जप्ती झाली.

त्या झाडाचं थोडं सांगायला हवं. आम्ही १९९८ साली इथे राहायला आलो, त्या पावसाळ्यात यजमानांनी ते रस्त्यावरच्या एका रोपवाल्याकडून आणलं. "जांभळी आहे, साहेब, गर्द जांभळी," असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. दोन वर्षं यजमान रोज सकाळी चष्मा लावून कळ्या शोधायचे. ते गेले तोवर एकही फूल आलं नव्हतं. पुढे मी पाणी वाढवलं, खत वाढवलं. झाड पानांनी आणि काट्यांनी इतकं भरलं की खिडकी उघडेना. फुलाचं नाव नाही.

डॉक्टरांनी मग मला बोगनवेल शिकवली. तिला ऊन दिवसातले पाच-सहा तास तरी हवं. मातीत मुरूम हवा, शेणखत बेताचं. कुंडीत लावली तर कुंडी लहानच बरी, मुळं दाटीवाटीने बसली तरी चालतात, तळाचं भोक मात्र तुंबता कामा नये. पानं जरा मलूल झाली की मगच पाणी द्यायचं, आणि दिलं की पोटभर द्यायचं. सतत ओल आणि खत मिळालं की ती पाल्यातच रमते. बहर ओसरला की छाटायची, कारण नव्या फुटीवरच रंग येतो. आपण जिला फूल म्हणतो ती रंगलेली पानं आहेत आणि खरं फूल आतली ती बारीकशी पांढरी नळी, हेही त्यांनीच दाखवलं. कॉन्व्हेंटच्या वनस्पतिशास्त्रात हे मी शिकले असणार, पण तिथे कोणी माझा पाइप जप्त केला नव्हता, म्हणून लक्षात राहिलं नसावं.

पुढचे चार महिने ते दर मंगळवारी यायचे. जमिनीत बोट खुपसायचे, "अजून वल हाय" म्हणायचे, आणि वहिनींनी दिलेला डबा ओट्यावर ठेवून जायचे. मातीची ओल बघायला पिठलं-भाकरी लागत नाही एवढं मला कळत होतं. त्या काळात मी स्वयंपाक जवळजवळ सोडला होता, पण हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. एकदा त्यांना विचारलंच, कसं कळलं.

"फांद्या काडल्या त्या दिशी तुमची कचऱ्याची बादली बगितली. नुसती बिस्किटाची कागदं."

"दुसऱ्याच्या कचऱ्यात डोकावता?"

"जनावर बोलत न्हाई, बाई. गव्हान बगावी लागती."

मला जनावर म्हटल्याबद्दल वेगळा आक्षेप नोंदवायचा होता. भाकरी गरम होती, म्हणून राहिला.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी झाड फुललं. जांभळं नाही, विटकरी नारिंगी. गच्च नारिंगी. रोपवाल्याने यजमानांना साफ फसवलं होतं. त्यांना आयुष्यभर भाजीवाल्यापासून विमावाल्यापर्यंत सगळ्यांनी असंच फसवलं आणि दर वेळी ते घरी येऊन "माणूस फार प्रामाणिक वाटला" असं सांगायचे. त्या झाडाने जांभळा रंग दाखवला तो एकदाच, खुंटांवर, आणि तोही डॉक्टरांच्या बाटलीतला. मी पायरीवर बसून हसले. त्या घरात यजमानांच्या मागे मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. डॉक्टर कुंपणापलीकडून बघत होते. ते शेडमध्ये गेले आणि पाइप आणून नळाला लावून दिला.

पुष्कळांनी मला म्हटलं, फुलं आली, म्हणजे उत्तर मिळालं. मिळालेलं नाही. फुलांवर तारीख नसते, सही नसते. माझा आक्षेप आजही प्रलंबित आहे.

पण त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले आणि त्यांच्या फेऱ्यांना त्यांच्या जुन्या स्कूटरवर मागे बसून जाऊ लागले. डॉक्टर कोणालाही रोप देताना पहिल्यांदा घर बघतात. आयटीतली पोरंपोरी हौसेने येतात, "अंकल, बाल्कनीत मस्त दिसेल ना?" म्हणतात. डॉक्टर बाल्कनीत उभे राहून ऊन कुठून येतं ते बघतात आणि बऱ्याचदा "हितं न्हाई जगायची, तुळस लावा" असं सांगून हात हलवत परत येतात. दिलेलं रोप फुलेपर्यंत आपल्या उपचाराखाली आहे असं ते मानतात, आणि न सांगता तपासायला जातात.

अशाच एका फेरीत आम्ही यवतमाळहून आलेल्या एका जोडप्याकडे गेलो. नवरा हिंजवडीला रात्रपाळीत, बायको अश्विनी दिवसभर एकटी. तिने रोप प्लॅस्टिकच्या बादलीत लावलं होतं, भोक न पाडता. मुळं कुजायला लागली होती. ती घाबरून म्हणाली, "काका, मरून गेलं का जी?" मी भाषणाच्या तयारीत होते. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर मागितला, गॅसवर तापवला, बादलीच्या बुडाला भोकं पाडली आणि सडलेली मुळं कापून रोप परत लावलं. मग तिला म्हणाले, "पोरी, मंगळवारी आमच्या हिच्यासंगं कलमं भरायला येत जा. हात कमी पडत्यात." हात अजिबात कमी पडत नव्हते. आम्ही दोघी बायका तिथे निम्मा वेळ चहाच पीत असू. पण अश्विनी यायला लागली, पहिलं बाळंतपण वहिनींच्या भरवशावर तिने इथेच केलं, आणि आज या ग्रंथाची मुद्रितं तीच तपासते आहे.

लवळ्याच्या एका महाविद्यालयाने एकदा समारंभासाठी डॉक्टरांच्या ऐन बहरातल्या कुंड्या नेल्या, वातानुकूलित सभागृहात ठेवल्या आणि प्रेमाने रोज पाणी घातलं. परत आल्या तेव्हा नुसत्या काड्या होत्या. मी तक्रारीचा मसुदा टेम्पोतच तयार केला. डॉक्टर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यास्नी वाटलं, पावनी हाय, पानी पाजावं." कुंड्या उन्हात मांडून ते कामाला लागले. दुसऱ्याच्या अडाणीपणावर त्यांना राग येत नाही. मला येतो, आणि तो त्यांच्या वाटचाही मीच धरते.

आता डोळ्यांकडे येते. या मार्च महिन्यात डॉक्टर माझ्याकडे आले. माझी बोगनवेल तेव्हा अशी पेटली होती की रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघत होते. डॉक्टर फाटकात, तिच्यापासून दोन हातांवर उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, "औंदा अजून फुलली न्हाई व्हय?"

त्यांनी दिलेल्या धड्याप्रमाणे गव्हाण बघितली. बोटांना तीन ठिकाणी चिकटपट्ट्या होत्या, कारण काटे आता त्यांना दिसत नाहीत, लागल्यावरच कळतात. स्कूटरचा डावा आरसा तुटलेला होता. गेले कित्येक महिने ते मला विचारायचे, "बाई, पानं मान टाकल्यात का सांगा बरं," आणि मी समजत होते की माझी परीक्षा चालली आहे. लवळ्याच्या चढावर डंपर आणि टँकर कसे येतात हे वाचकांना सांगायला नको. त्या रस्त्यावरून हे गृहस्थ अंदाजाने स्कूटर चालवतात.

"शस्त्रक्रिया कधी करताय?" मी विचारलं.

"करू की. पावसाळा होऊ द्या. कलमांचा टाइम हाय."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"मागल्या वर्षी बी कलमं व्हती. डोळ्याचा डाक्टर म्हनतो वाकू नका, मातीत हात घालू नका. मंग मी करू काय?"

"बसा. माझ्या झाडाला कापून चार महिने बसवलंत तसे."

"झाड निराळं."

"एवढ्या गाईम्हशी चिरल्यात आणि स्वतःच्या डोळ्याला भिताय?"

"भीत कोन न्हाई," म्हणाले, आणि फाटकाची कडी चाचपत निघून गेले. कडी सापडायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही, त्यांना ते आवडलं नसतं.

म्हणून, आदरणीय डॉक्टर, हे शेवटचं तुम्हाला उद्देशून, सर्वांसमक्ष. तुमच्या अमृतमहोत्सवानिमित्त तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. पण नुसत्या इच्छेवर मी कधी कुठली फाइल बंद केलेली नाही. यंदाची कलमं वहिनी, अश्विनी आणि मी भरू. आमची निम्मी मरतील असं तुम्ही म्हणाल. मरोत. पुढच्या वर्षी तुम्ही स्वतः बघून भरा.

२००१ सालचा माझा आक्षेप मी मागे घ्यायला तयार आहे, एका अटीवर. पहिल्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख तुम्ही मला लेखी कळवायची. खाली तुमची सही हवी, वहिनींची साक्ष हवी. तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही, आणि "बघू" हे उत्तर नाही.

तोपर्यंत तुमच्या स्कूटरची किल्ली माझ्या ताब्यात आहे. काल दुपारी तुम्ही झोपला होता तेव्हा वहिनींनी आणून दिली. बेल वाजवली होती असं त्या म्हणतात. शस्त्रक्रियेनंतर माझ्या फाटकात उभं राहून, कोणाला न विचारता, बोगनवेलीचा रंग सांगाल त्या दिवशी किल्ली परत मिळेल. बहर तोवर टिकावा म्हणून मी तिचं पाणी तोडलं आहे.

उत्तराची मुदत सोमवार, ३१ मे २०१०, सायंकाळी पाच वाजेपर्यंत. मी घरीच आहे.