मिठागराची खुर्ची

"घाई नको, ताई. अंग हाय ते, दोरी नाय."

हे बोलताना तो माझ्याकडे बघत नसे. नजर कायम स्वतःच्या दोन गुडघ्यांच्या मधे. पनवेलच्या आमच्या कराटेच्या वर्गात तो पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं, याचं काहीतरी खाली पडलंय. तुम्हालाही तसंच वाटलं असतं.

मग कळलं, की तो न्हावा शेव्याच्या बंदरात मोठी क्रेन चालवतो. केबिन आभाळात टांगलेली, तिच्या तळाला काच, आणि त्या काचेतून खाली बघत कंटेनर उचलायचे. पाळीभर वाकून. उतरल्यावरही त्याचं अंग त्या खुर्चीच्याच आकारात राहायचं.

वर्ग मोठ्या माणसांचा होता, म्हणजे कचेरीत बसून गंजलेल्या माझ्यासारख्यांचा. अंग ताणून घेताना आमचे सर पाठीवर गुडघा ठेवून दाबायचे. आम्ही किंचाळायचो आणि वर 'थँक्यू सर' म्हणायचो. याने मात्र पहिल्याच दिवशी हात जोडले. "सर, दाबू नका. मना दाबायला खुर्ची हाय तिकडं." सरांनाही हसू आलं.

तो भिंतीला टेकून, पायाच्या तळव्याला तळवा लावून, फुलपाखराच्या आसनात बसे आणि सावकाश श्वास सोडत राही. आमचे गुडघे जमिनीकडे झुकायचे, त्याचे छताकडे.

"दादा, हे कसलं फुलपाखरू?" मी चिडवायची.

"अजून सुरवंट हाय. थांबा जरा."

मला कुठला धीर! एका संध्याकाळी चारचौघींत मिरवायला मी जोर करून पाय फाकवले आणि जांघेत लचक भरली. दुसऱ्या दिवशी तो जाड्या मिठाची पुरचुंडी घेऊन आला. "भाजून शेका. आमच्या मिठागराचं नाय हां, दुकानातलं हाय. मिठागरावर आता कंटेनर ठेवतात."

त्यांचं मिठागर बंदराच्या जमिनीत गेलं, आणि त्याच्या बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली. तो एक म्हणजे हा. "लोकांचं शेत असतं, आमची खुर्ची हाय," तो म्हणाला. "आई सनासुदीला इचारते, खुर्ची बरी हाय ना?"

त्याला ती खुर्ची सोडायची होती. सरांनी शब्द दिला होता, काळा पट्टा मिळव, मग तुझ्या गावात मुलींचा वर्ग तूच चालव. पट्ट्याच्या परीक्षेत कानाच्या उंचीची लाथ लागते. त्याची लाथ कमरेपाशीच अडायची. बघताना मलाच कोंडल्यासारखं व्हायचं.

त्याने घाई केली नाही. बंदराच्या वाटेवर जासईला ट्रेलरच्या रांगेत अडकला की गाडीतच मान नि खांदे फिरवत बसायचा. गुडघे इंचाइंचाने खाली येत गेले, त्यात काही वर्षं गेली. परीक्षेच्या दिवशी त्याने मान ताठ करून समोर पाहिलं आणि पाय उचलला. सरांनी कानाशी धरलेल्या पॅडवर असा आवाज झाला की वॉचमन धावत आला. टाळ्या वाजवता वाजवता मी चक्क रडले.

"उद्या राजीनामा," तो म्हणाला. थेट माझ्या डोळ्यांत बघून.

त्यानंतर तो वर्गाला आलाच नाही. शेवटी मी फोन केला.

"आईनं जेवन सोडलं, ताई. म्हनते, मिठागर गेलं, आता खुर्ची पन देतोस? मग आपलं काय रायलं?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगनार? कामावर गेलो."

त्या माउलीचा मला फार राग आला, अजूनही येतो. तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं, याचा त्याहून जास्त येतो.

पट्टा सरांकडेच पडून होता. गेल्या दिवाळीत तो न्यायला आला. सरांनी हौसेने पॅड कानाशी धरलं. "होऊन जाऊ दे!"

त्याने पाय उचलला. तो कमरेपर्यंत आला आणि थांबला.

सरांनी पॅड हळूच खाली आणलं, त्याच्या कमरेच्या उंचीला. त्यावर त्याने लाथ मारली.

"आखडलं परत," तो म्हणाला.

"घाई नको, दादा," मी त्याचंच वाक्य त्याला ऐकवायला गेले. "अंग हाय ते..."

तो हसला. पट्टा डब्याच्या पिशवीत घातला आणि जिना उतरू लागला, स्वतःच्या दोन पायांच्या मधे बघत. त्याची दुपारची पाळी होती.