मुशी वेगळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीतले नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. सोलापुरात आईनं विड्या वळल्या, त्यावर माझं बी.एस्सी. झालं. मग रत्नागिरीला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली. धाकटी बहीण रेश्मा बाळंत झाली तेव्हा सुकी मुशी, तिकडचा वाळवलेला मासा, मीच घेऊन आलो. मुशीनं बाळंतिणीला दूध येतं, असं तिकडच्या घरमालकीणबाई म्हणाल्या होत्या. आईनं गल्लीभर सांगितलं — लेकानं समुद्रावरनं औषध आणलं.

महिन्याभरानं प्रयोगशाळेत शार्कचे तुकडे तपासायला आले. मोठा मासा लहान मासे खातो, त्यांच्या अंगातला पारा त्याच्या अंगात साठत जातो, सहजी निघत नाही — हे मी तिथं शिकलो. आईच्या दुधातून तो बाळापर्यंत पोचतो, हेही. आणि मुशी म्हणजे शार्कच. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सुट्टीत घरी आलो. कामाचं कौतुक सांगता सांगता पाऱ्याचं बोलून गेलो. आईनं विचारलं, "शार्क म्हंजी काय रं? आपली मुशी न्हवं ना?"

रेश्मा समोरच पोरीला पाजत होती. शेजारी ताटलीत मी आणलेल्या मुशीचा तुकडा. काय अवघड होतं? एक शब्द — व्हय. आईचा अभिमान जपला म्हणू? नाही. मी घाबरलो.

"न्हाय गं," मी म्हणालो, "मुशी येगळी."

रेश्मा हसली. "मग आजून आण की दादा. समुद्रावर ऱ्हातोस आन् पिशवी एवढुशी आणतोस."

आणली. दोनदा.

भाची आता शाळेत जाते. वाचताना अडखळते. बाकीची मुलंही अडखळतात, असं मी स्वतःला सांगतो. पाऱ्यामुळंच, असं कोण म्हणेल? आणि नाही, असं तरी कोण? ती वाचते तेव्हा सगळे कौतुकानं ऐकतात. मी एकटा तिच्या ओठांकडे बघत बसतो.

रेश्मा पुन्हा बाळंत झाली आहे. मुशी मागितली, तर मी कळवलं — यंदा मिळत नाही. खरं तेव्हाही सांगितलं नाही.

काल आईचा फोन आला. "तुला न्हाय गावली तरी हितं बाजारात गावली की. लई हिंडले बघ. शेजारीण म्हनत हुती, मोठा मासा नगं. म्हनलं, माझा लेक शिकलाय, त्यानं सांगितलंय — मुशी येगळी."

मी म्हणालो, "बरं झालं."