बुधवारी वाजणारी मशीन

आमची कपडे धुवायची मशीन फक्त बुधवारी वाजायची, रविवारी नाही. हे मी बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती हसली. त्यात हसण्यासारखं मला काही दिसलं नाही, म्हणून मी चिडलो.

ती वलगावच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिची बदली झाली. पहिले तीन महिने तिनं अकोल्याहून अप-डाउन केलं, मग कंबर धरली आणि अमरावतीत एक खोली घेतली. मी इकडे जठारपेठेतल्या घरी. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी, निवृत्तीला अजून तीन वर्षं. एक रविवार सोडून एक रविवार ती घरी येते. आल्या आल्या पदर खोचून पलंगपोस, पडदे, टॉवेल, माझे नि तिचे कपडे असं सगळं मशीनमध्ये कोंबते आणि मशीन आपली गुमान चालते. बुधवारी मी कपडे टाकले, की पिळायच्या वेळी असा धडधडाट व्हायचा, की शेजारी भिंतीवरून डोकावून विचारायचे, "काय भाऊ, बोअर मारून राह्यले काय?"

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको म्हणाली. "माझ्यासमोर तर कधी वाजत नाई. अन् खराबच झाली असंल तर द्या भंगारात. नवी इकडंच घेऊ. मले इथं हातानं धुवा लागते. तुमचे एकट्याचे कपडे लाँड्रीत देत जा."

तिचं बोलणं बरोबर होतं आणि तेच मला खुपलं. अमरावतीच्या त्या खोलीत एक खाट, एक गॅस आणि चार भांडी. अशी खोली माणूस केव्हाही सोडून येऊ शकतो. पण नवी मशीन आली की मागून फ्रिज येतो, मग कपाट येतं, आणि बायको अकोल्याला येते ती पाहुणी म्हणून. विनंती बदलीचे अर्ज तेव्हाच सुटले होते, भरायला महिनाभराची मुदत होती. ती अर्ज भरणार की नाही, हे मी विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. तिथली पोरं फार जीव लावतात, असं मात्र ती सारखी सांगायची. अशा बाईला 'परत ये' कोणत्या तोंडानं म्हणायचं? ते मला जमलं नाही. मशीन दुरुस्त करणं जमण्यासारखं होतं, म्हणून मी मेकॅनिकला बोलावलं.

तो बुधवारी संध्याकाळी आला. माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. त्यानं टबात हात घालून तो हलवून पाहिला. बेअरिंग ठीक होतं. मशीनचे चारही पाय जमिनीला टेकलेले होते. टब ज्या दांड्यांवर टांगलेला असतो त्या त्यानं दाबून पाहिल्या. मग रिकामी मशीन पिळायला लावली, तर ती नुसती मांजरीसारखी घुरघुरली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता तुमचे कपडे टाका," तो म्हणाला.

मी दोन शर्ट, एक पँट, बनियन आणि सोलापुरी चादर टाकली.

"बाकीचे?"

"एवढेच."

त्यानं पाणी भरलं, कपडे भिजू दिले आणि पिळायला लावले. टब एका बाजूला कलला आणि पत्र्यावर धडका मारू लागला. त्यानं लगेच मशीन बंद केली.

"मशीनले काई नाई झालं, भाऊ. कपडे कमी पडून राह्यले. चादर भिजली का एका बाजूले बसते, तिले तोलाले दुसरं काईच नाई. ही चार माणसाईच्या घरची मशीन हाय. भरून लावत जा. वहिनी कुठी गेल्या?"

"अमरावतीले."

तो नुसता 'हं' म्हणाला आणि त्यानं पाने पिशवीत टाकले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तो गेल्यावर मी तिथंच स्टुलावर बसून राहिलो आणि मला तिची फार आठवण आली. तिच्या बडबडीची, कपडे झटकताना माझ्या तोंडावर उडणाऱ्या पाण्याची, 'खिसे पाहिले काय?' या रोजच्या प्रश्नाचीसुद्धा.

पुढच्या बुधवारी मी तिचं कपाट उघडलं. तिनं घरी ठेवलेल्या दोन सुती साड्या आणि एक गाऊन काढला आणि माझ्या कपड्यांत टाकला. मशीन शहाण्यासारखी चालली. मग मी साड्या दोरीवर वाळत घातल्या. कोणी पाहिलं असतं तर या घरात बाई आहे, असंच म्हटलं असतं. मीसुद्धा दोन-तीनदा उगाच खिडकीशी जाऊन पाहिलं. पुढं दर बुधवारी हेच सुरू झालं. वाळल्या की साड्यांच्या घड्या घालून जागच्या जागी ठेवून द्यायचो. पहिल्या खेपेला आली तेव्हा तिच्या काही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या खेपेला आली तेव्हा कुणाच्या तरी बारशाला जायचं होतं. तिनं साडी काढली आणि आतूनच ओरडली, "हिची खळ कुठी गेली? मी तर इस्त्री करून ठेवली होती!" दुसरी काढली, तीही लुळी. साडी घेऊनच ती बाहेर आली. "धुतलेल्या साड्या काहून धुतल्या तुमी?"

मी आधी दमट हवेवर ढकलून पाहिलं, मग कपाटावर. शेवटी माझंच डोकं फिरलं.

"कपडे कमी पडते म्हणे! एकट्याच्या कपड्यावर चालत नाई ती मशीन. अन् मलेबी करमत नाई एकट्याले. झालं समाधान?"

तीस वर्षांच्या संसारात मी हे पहिल्यांदा म्हणालो होतो, आणि तेही भांडल्यासारखं ओरडून.

ती पलंगाच्या काठावर बसली. साडी मांडीवर तशीच होती. बारशाची वेळ होऊन गेली तरी ती उठली नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "अर्जाची मुदत परवा संपली. नाई भरला मी. तुमी एका शब्दानं तरी म्हणाल, म्हणून मी शेवटच्या दिवसापर्यंत थांबली होती."