पिवळा पळस

“पिवळा पयस (पळस)? इथी नाई भाऊ तसं काई.”

जिवतीच्या बसस्थानकासमोर चहावाल्या बाई मोटारसायकलवरच्या एका माणसाला सांगत होत्या. माझ्या हातातला कप तसाच राहिला. तो पळस पाहायलाच तर मी पुण्याहून इथवर आले होते. विचारावंसं वाटलं, पण अनोळखी माणसांशी बोलताना माझं मराठी अडखळतं. मी चहा संपवला, पैसे दिले आणि मैत्रिणीच्या सुमनआत्यांच्या गावाची जीप पकडली.

वाटेत दोन्ही बाजूंनी डोंगर केशरी झाले होते. होळी जवळ आली होती.

रात्री आत्या ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी वाढत असताना मी त्यांना टपरीवरचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

“उद्या चाल माह्यासंग.”

सकाळी बोरीच्या काट्यांत माझी ओढणी दोनदा अडकली. मग उतारावर, केशरी झाडांच्या गर्दीत, हळद लागल्यासारखा तो एकटा उभा होता. मी खाली बसून गळलेली फुलं उचलली. तीच पोपटाच्या चोचीसारखी पाकळी. जुन्या पानाला तीच तीन दलं. वाळक्या चपट्या शेंगेत, अगदी टोकाला, एकच बी. ही वेगळी जात असेल अशी मला लपवलेली आशा होती. पण हा वाटाण्याच्या कुळातला आपला नेहमीचाच पळस, भारतापासून पार जावा बेटापर्यंत रानोमाळ वाढणारा; फक्त रंग निराळा. वाईट वाटायला हवं होतं, पण मला हसूच येत होतं.

“नाल्यावर अजून एक होता,” आत्या म्हणाल्या. “मुळाखाली धन सापडते म्हणून लोकायनं खणला, साल सोलली. वाळला बिचारा. तवापासून गावाचा नेम हाय. कोणी इचारलं का नाई म्हणाचं. टपरीवाली इथलीच.”

“मग मला का दाखवला?”

“तू बोलतच नाईस, बाई. तुह्या पोटात राहील.”

परतताना त्याच टपरीवर चहा घेतला. तो मोटारसायकलवाला पुन्हा तिथे आला होता. त्याने काट्यांनी ओरबाडलेल्या माझ्या ओढणीकडे पाहिलं. तिच्या दुमडीत एक पिवळी पाकळी अडकली होती. त्याला दिसायच्या आत मी ती मुठीत घेतली.

“ताई, रानातून आल्या वाटते. पिवळा पळस दिसला का कुठं?”

चहावाल्या बाईंचा हात किटलीवर थांबला. मी गप्प राहणं ही माझी जन्माची सवय, पण आता गप्प राहिले असते तर तोच होकार ठरला असता. जावापर्यंत पसरलेल्या त्या झाडाच्या या एका पिवळ्या रूपाला राहायला एवढाच उतार होता.

मी मान वर केली आणि न अडखळता म्हणाले, “पिवळा पयस? इथी नाई भाऊ तसं काई.”