मास्तरांनी सोडलेला रकाना

माणूस दारातून आत येतानाच मास्तरांना त्याच्या छातीचं आणि कमरेचं माप कळायचं. टेप ते लावत, पण गिऱ्हाइकाच्या समाधानापुरता. पन्नास वर्षं शिवणयंत्रावर काढलेल्या माणसाला एवढी मिजास शोभते, आणि मास्तर ती मिरवतही. बायकोचं माप तर त्यांनी लग्नानंतर एकदाच घेतलं होतं. पुढे ती भरली, वाळली, आजारी पडली, तरी तिचा कपडा कधी उसवावा लागला नाही.

आजार हृदयाचा होता. अकरा वर्षं ती एकाच डॉक्टरांकडे जात होती, शेजारणीला सोबत घेऊन. दुकान बंद ठेवणं मास्तरांच्या जिवावर यायचं.

वयस्कर माणसांसाठी सरकारच्या दोन आरोग्य योजना होत्या. दोघं जुनीत होती. तिच्यात कुठल्याही डॉक्टरकडे जाता येई, पण थोडा खर्च पदरचा. नवीत सगळं फुकट, वर चष्मा आणि दातही. मात्र डॉक्टर त्यांच्या यादीतलेच. मास्तर चष्म्यावर भाळले. सुईत दोरा ओवताना हल्ली त्यांची त्रेधा उडायची. त्यांनी नव्या योजनेचे दोन अर्ज आणले आणि कापड बेतायच्या टेबलावर बसून दोन्ही भरायला घेतले, स्वतःचा आणि तिचाही. नवऱ्याने एक योजना घ्यावी आणि बायकोने दुसरी, असं चालतं हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिच्या अर्जात एक रकाना होता, 'सध्याचे डॉक्टर'. तिथे मास्तरांचं पेन अडलं. नाव आठवेना. आठवणार कुठून, कधी विचारलंच नव्हतं. ती आत भाजी चिरत होती. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण अकरा वर्षांनी बायकोला तिच्या डॉक्टरांचं नाव विचारायची त्यांना लाज वाटली. रकाना तसाच सोडून त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. तिने सही केली. त्यांनी पुढे केलेला कागद वाचायची तिला सवय नव्हती.

चष्मा आला, झकास आला. मग तिच्या तपासणीची तारीख आली. शेजारणीबरोबर गेलेली ती अर्ध्या तासात परत आली. तिचं नवं कार्ड त्या दवाखान्यात चालत नव्हतं, आणि सगळा खर्च पदरचा करून तिथे जाणं दुकानाच्या आवाक्यातलं नव्हतं.

शेजारणीकडून डॉक्टरांचं नाव विचारून घेऊन मास्तर तडक योजनेच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज शोधून काढला आणि रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"इथे नाव असतं ना काका, तर आम्हीच तुम्हाला थांबवलं असतं. ते डॉक्टर आमच्या यादीत नाहीत."

जुन्या योजनेत परत जायची मुदत मागच्याच आठवड्यात संपली होती. आता थेट पुढच्या वर्षी. मास्तरांनी वाद घातला, हात जोडले, स्वतःचं वयही काढून पाहिलं. बाई काही वाईट नव्हत्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं, लाजेसकट. ती रागावली असती तर परवडलं असतं. तिने फक्त नव्या डॉक्टरांकडे कधी जायचं ते विचारलं.

नव्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मास्तरांनी दुकान बंद ठेवलं. नवे डॉक्टर तरुण होते, प्रश्न नीट विचारत होते. झोपताना किती उशा लागतात? पाय कधीपासून सुजतात? ती एकेक सांगत होती, मध्येमध्ये थांबून श्वास घेत. उशा तीन. सूज दोन वर्षांपासून. गेल्या हिवाळ्यात तर धाप लागून कित्येक रात्री बसूनच काढल्या. मास्तर त्याच खोलीत झोपत होते, आणि त्यांना यातलं काही म्हणता काही ठाऊक नव्हतं. त्यांना स्वतःची भयंकर चीड आली.

बाहेर बाकावर ती जरा टेकली. "पुढच्या वेळीही मी येईन," मास्तर म्हणाले.

"या की," ती म्हणाली. "पण त्या जुन्या डॉक्टरांना मला काही सांगावं लागत नव्हतं. आता या वयात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचं... मला नाही होत हो."